विमानाचा सातबारा

१ जुलै १९९८ला वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा निघाला, तेव्हा वाटणीत शिवणीची धावपट्टी अकोल्याकडे राहिली. आमच्याकडून कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. नियमित प्रवासी विमान तिथंही उतरत नव्हतं, आणि न चालणारी वस्तू थोरल्यानं ठेवून घेतली तर ठेवू द्यावी, हे वऱ्हाडात पोरासोरांनाही कळतं.

विमानं मात्र आमच्याकडे भरपूर आहेत, फक्त ती वर आहेत. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, सहाही तालुक्यांच्या डोक्यावरून ती जात-येत असतात. सोयाबीन सोंगणारी बाई कंबर सरळ करायला निमित्त म्हणून वर पाहते, "नागपूरचं असन" म्हणते आणि पुन्हा वाकते. विमानाशी जिल्ह्याचा व्यवहार इतकाच.

तरी आकाशाशी आमचं नातं जुनं आहे. मालेगाव तालुक्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी भाविकांची श्रद्धा. आणि १९३९मध्ये वाशिमला जो वाकाटकांचा ताम्रपट सापडला, तो विंध्यशक्ती दुसरा या राजानं आपल्या कारकिर्दीच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्महून, म्हणजे आमच्या वाशिमहूनच, दिलेला. त्यात नांदेडकडच्या भागातलं एक गाव ब्राह्मणांना दान दिलंय. गावाचं नाव आकासपद्द. कुणाला दिलं, कोणत्या सवलतींसह दिलं, सगळं तांब्यावर कोरून. सोळाशे वर्षांपूर्वीसुद्धा वाशिमचा माणूस आकाशाकडे निघाला तो कागदपत्रं घेऊनच निघाला, असं माझं मत आहे. इतिहासकारांचं वेगळं असू शकेल.

हे सगळं आठवायचं कारण माझा भाचा. कारंजा तालुक्यातला हा पोरगा बारावी सायन्सनंतर विमान दुरुस्तीच्या कॉलेजात गेला आणि एक दिवस डीजीसीएचं, म्हणजे सरकारच्या विमान खात्याचं, लायसन्स घेऊन आला. एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर, वर्ग बी-एक-पॉइंट-एक. म्हणजे टर्बाइन इंजिनाच्या विमानांचा यांत्रिक भाग. यासाठी गणित, भौतिकशास्त्र, वीज, धातू, वायुगतिकी, टर्बाइन, प्रोपेलर, विमान कायदा असे एकेक मॉड्यूल सोडवत जावं लागतं. माणूस चुकतो कसा, यावरही एक अख्खा पेपर असतो. त्या विषयाला आमच्या घराण्यातून चारदोन पाहुणे व्याख्याते सहज मिळाले असते, पण कुणी विचारलं नाही.

लायसन्स आल्यावर घरी पेढे वाटले. ते खायला आलेल्या एका काकांनी पहिला प्रश्न विचारला, "म्हंजे पायलट झाला का?"

"नाही काका, इंजिनिअर."

"मंग इमान चालवत नाही?"

"नाही."

"मंग वर जाते का खालीच रायते?"

"खालीच. हँगरमध्ये."

काकांनी अर्धा पेढा तोंडात ठेवला, अर्धा हातात धरला आणि माझ्या भाऊजींकडे वळून म्हणाले, "खालीच रायाचं व्हतं तं एवढा पैसा काहून लावला बाप्पा?"

भाऊजी, म्हणजे पोराचे वडील, काही बोलले नाहीत. पुढे आठवडाभर ते भेटेल त्याला, कुणी विचारलेलं नसतानाही, पोराच्या सहीचं महत्त्व सांगत होते. ते खरंच आहे. विमानावर काम झालं की लायसन्सवाला इंजिनिअर एका दाखल्यावर सही करतो: काम नियमानुसार झालंय, विमान सेवेत सोडायला हरकत नाही. ती सही नसेल तर कॅप्टन, हवाई सुंदऱ्या आणि पट्टे बांधून बसलेले दीड-दोनशे प्रवासी जागचे हलत नाहीत. आमदार असला तरी नाही. अशी सही करायचा अधिकार असलेल्या पोराला पुढच्याच महिन्यात, आपल्याच मार्कशीटची झेरॉक्स खरी आहे हे दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घ्यायला वाशिमच्या कचेरीत तीन टेबलं फिरावी लागली.

कारण परदेश.

परदेश का, हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पोराला पैशाचा लोभ सुटला असा गैरसमज होणार नाही. लोभ होताच, पण एकटा लोभ नव्हता. आपल्या विमान कंपन्यांपैकी किंगफिशर २०१२मध्ये जमिनीवर आलं. जेटनं १७ एप्रिल २०१९च्या रात्री शेवटचं उड्डाण केलं. गो फर्स्ट मे २०२३मध्ये थांबलं. नोकरी सोडायची तर आपल्याकडे कॅप्टनला वर्षभर आणि सहवैमानिकाला सहा महिने आधी नोटीस द्यावी लागते, असा २०१७चा नियम आहे. अख्खी विमान कंपनी मात्र एका रात्रीत बंद होऊ शकते. ज्या घरात पीक विम्याची रक्कम येईपर्यंत दुसरं पीक उभं राहतं, त्या घराला ही अनिश्चितता काही नवीन नाही. पण शेतीतून सुटायला पोराला शिकवलं आणि तो पुन्हा पावसाच्याच भरवशावर बसला, हे भाऊजींना पटेना.

तर भाच्यानं परदेशी नोकऱ्या बघायला सुरुवात केली, आणि घरादाराला कळलं की लायसन्स नुसतं असून चालत नाही, ते कुठल्या जमिनीवर चालतं ते बघावं लागतं.

हे मला समजावताना भाच्याला घाम फुटला. शेवटी भाऊजींनी एका वाक्यात सांगितलं: "इमानाले बी सातबारा असते." आणि हे अगदी बरोबर आहे. प्रत्येक विमान कुठल्या तरी देशाच्या नोंदवहीत चढलेलं असतं आणि त्याची अक्षरं त्याच्या अंगावर मोठ्यानं रंगवलेली असतात. भारतातलं विमान असलं की व्हीटी. अमेरिकेचं एन, जर्मनीचं डी, इंग्लंडचं जी, अमिरातीचं ए-सहा, कतारचं ए-सात. आणि ७ डिसेंबर १९४४ला शिकागोत जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात विमान चालवणाऱ्यांसाठी ठरलं की ज्या देशाच्या सातबाऱ्यावर विमान, त्या देशानं दिलेलं किंवा मान्य केलेलं लायसन्सच त्यावर चालायचं. ते मग इतर देशांनी मानायचं. दुरुस्तीच्या सहीलाही हीच रीत. भारतही त्या करारात आहे.

याचा अर्थ असा. मुंबईला उभं असलेलं व्हीटी अक्षरांचं एअरबस तीनशेवीस. भाच्याकडे त्या जातीच्या विमानाचं टाइप रेटिंग असलं तर तो त्याचा पेच आवळून सही करू शकतो. तसंच, त्याच कारखान्यातून आलेलं, त्याच इंजिनाचं दुसरं विमान ए-सहा अक्षरं घेऊन शेजारी उभं आहे. पेच तोच, पाना तोच, पुस्तकात लिहिलेला आवळण्याचा आकडाही तोच. भाच्यानं तो पेच आवळला तर चालेल. सही केली तर ते दुसऱ्याच्या वावरात शिरून फेरफार नोंदवल्यासारखं.

इथून घरात फायली सुरू झाल्या. आमच्या भाऊजींना कागदांची भीती नाही, उलट एक प्रकारची ओढ आहे. तलाठी, सेतू केंद्र, जात पडताळणी, पीक विमा, बँकेचं कर्ज, वारस नोंद, या सगळ्यातून तावूनसुलाखून निघालेला तो माणूस. त्यांच्या प्लॅस्टिकच्या निळ्या फोल्डरमध्ये प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स असतात: एक द्यायची, एक हरवायची आणि एक, "साहेब बदलला तं" म्हणून. त्यांनी त्याच फोल्डरमध्ये अमेरिका, युरोप आणि आखात असे तीन कप्पे केले.

अमेरिकेचा कप्पा आधी भरला आणि आधीच रिकामा झाला. तिथल्या मेकॅनिक सर्टिफिकेटला एअरफ्रेम आणि पॉवरप्लांट असे दोन भाग. दोन्हींसाठी मिळून तीस महिन्यांचा अनुभव, तीन लेखी परीक्षा, मग तोंडी, मग हाताचं काम. इथपर्यंत पोरगा तयार होता. पुढे नियम असा की अमेरिकेबाहेर, अमेरिकेचा नागरिक किंवा कायम रहिवासी नसलेल्या माणसाला ते सर्टिफिकेट तेव्हाच द्यायचं, जेव्हा अमेरिकेच्या सातबाऱ्यावरच्या विमानासाठी ते लागत असेल. म्हणजे नोकरीसाठी सर्टिफिकेट पाहिजे आणि सर्टिफिकेटसाठी तसलं काम हातात पाहिजे. भाऊजींनी हे दोनदा वाचून घेतलं आणि फार आदरानं म्हणाले, "हे तं आपल्याच तहसीलीतून शिकून गेले वाटते."

युरोपचं तसं नाही, युरोप सरळ आहे. फक्त तो सगळं पहिल्यापासून मागतो. भारतातले मॉड्यूल सुटलेत, छान, आता आमचे सोडवा. पंच्याहत्तर टक्के पाडा. न्यूटन तोच, ओमचा नियम तोच, पण तो तुम्हाला येतो हे तुम्ही भारताला सांगितलंय, आम्हाला नाही. शिवाय त्यांच्या मान्यतेच्या शाळेतला अभ्यासक्रम केलेला असेल तर दोन वर्षांचा अनुभव पुरतो; नसेल, आणि हातात दुसरं मान्य कारागिरीचं शिक्षणही नसेल, तर चालत्या विमानांवरचा पाच वर्षांचा अनुभव दाखवा. तो अनुभव लॉगबुकात, तारीखवार, कामवार, प्रत्येक ओळीपुढे वरिष्ठाच्या सहीशिक्क्यानिशी. भाच्याच्या लॉगबुकातल्या एका पानावर शिक्का अर्धाच उमटला होता. त्या अर्ध्या शिक्क्यासाठी त्याला पुन्हा मुंबई गाठावी लागली, कारण शिक्कावाले साहेब तोवर दुसऱ्या कंपनीत गेले होते आणि शिक्का पहिल्या कंपनीत राहिला होता.

इंग्लंडचं वेगळंच निघालं. इंग्लंड युरोपच्या भावकीतून वेगळं निघालं, तेव्हा १ जानेवारी २०२१पासून लायसन्सचीही वाटणी झाली. इंग्लंडनं दिलेलं लायसन्स युरोपच्या विमानांना चालेना, मग तिथल्या गोऱ्या, अनुभवी, दोन पिढ्यांच्या इंजिनिअरांनीही कागद हस्तांतरित करायला धावपळ केली. ही बातमी आमच्या घरी फार समाधानानं ऐकली गेली. वाटणी झाली की विहीर एकाकडे अन् पाण्याची वाट दुसऱ्याकडे जाते, हे आम्ही साहेबाला दीडशे वर्षांत कधीही सांगू शकलो असतो. त्यानं विचारलं नाही.

टाइप रेटिंगबद्दल मी कमीच बोलतो, कारण त्या विषयावर घरात भांडण झालंय. नुसतं मूळ लायसन्स म्हणजे पोरगा शिकलेला आहे एवढंच. अमुक जातीच्या विमानावर सही करायची तर त्या जातीचा वेगळा कोर्स. तो स्वतः करायचा म्हटलं तर लाखांचा खर्च. कंपनी करून देते, पण नोकरीत असलेल्याला. नोकरी देते, पण रेटिंग असलेल्याला. त्यात आणखी एक कलम: मागच्या दोन वर्षांत सहा महिने प्रत्यक्ष काम केलेलं नसेल, तर खिशातलं लायसन्स असूनही सही करायची नाही. शेत पडीक राहिलं तर निदान मालकी राहते.

उरलं आखात. आखातात आमच्याकडचे लोक आधीच गेलेत, गवंडी, सुतार, ड्रायव्हर. त्यांच्यात जे दहावी झालेले नव्हते, त्यांना जाण्याआधी सरकारची वेगळी परवानगी लागली. आखातासह अठरा देशांसाठी तसा नियम आहे. भाच्याला ती लागणार नव्हती. "एवढे मॉड्यूल सोडवले, अन् कामाले आली दहावी," असं त्याची आई म्हणाली, आणि ते चुकीचं नव्हतं.

पण अमिरातीला नुसतं शिक्षण चालत नाही, शिक्षणाच्या कागदाला प्रवास घडवावा लागतो. मार्कशीट मुंबईला राज्य सरकारकडे जाते, तिथून दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयात, मग दूतावासात, आणि तिकडे पोचल्यावर तिकडच्या मंत्रालयात. प्रत्येक ठिकाणी पाठीमागे एक शिक्का. भाच्याच्या मार्कशीटनं भाच्याआधी दिल्ली पाहिली. परत आली तेव्हा तिची मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त गुणवान दिसत होती.

मग पोलीस पडताळणी. पासपोर्ट कार्यालय आमचं नागपूरला, पण चारित्र्य तपासायला शिपाई गावात येतो. आला तो दुपारचा, भाऊजींच्या ओट्यावर बसला, पाणी प्याला, फॉर्म काढला.

"पोट्टा काय करते?"

"इमान दुरुस्ती."

शिपायानं मान वर करून अंगणाकडे पाहिलं. तिथं एक ट्रॅक्टरची ट्रॉली, फवारणीचा पंप आणि शेळी होती. "इथंच करते का?"

"नाही जी. मुंबईले."

"गुन्हा-बिन्हा?"

"नाही जी."

शेजाऱ्याला साक्षीला बोलावलं. शेजारी प्रामाणिक माणूस. तो म्हणाला, "पोट्टा चांगला हाय साहेब. पन चार वर्सं झाले, काय करते थे आमाले काई समजलं नाही." शिपाई क्षणभर थांबला. या वाक्याचा पहिला भाग लिहावा की दुसरा, असा तो पेच होता. मग त्यानं 'वर्तन चांगले' असं लिहिलं आणि चहा घेतला. जाताना हळूच विचारलं, "आमच्या साळ्याच्या पोराले लावता येईन का तिकडं?"

याच काळात एका एजंटाचा फोन आला. परदेशी विमानतळावर नोकरी पक्की, पगार भरपूर, मुलाखत नाही, फक्त प्रक्रियेचे पैसे आजच पाठवा. अशा फोनांना मोठमोठी शिकलेली पोरं बळी पडली आहेत. आमच्याकडे फोन भाऊजींनी घेतला. त्यांनी शांतपणे विचारलं, तुमचा भरती एजंटाचा सरकारी नोंदणी क्रमांक काय, नोंदणी कोणत्या नावानं, कोणत्या तारखेपर्यंत वैध, आणि पत्त्याचा पुरावा काय. त्यानं क्रमांक सांगितला. भाऊजी म्हणाले, "त्याची झेरॉक्स पाठवा, तीन." फोन कटला. माझ्या मते जिल्ह्यातल्या प्रत्येक पोरानं परदेशी अर्ज करण्याआधी सहा महिने तलाठ्याकडे उमेदवारी करावी.

हे सगळं चाललं असताना देशात भलतंच घडत होतं. फेब्रुवारी २०२३मध्ये एअर इंडियानं चारशेसत्तर विमानांची मागणी जाहीर केली. जूनमध्ये इंडिगोनं एकदम पाचशेंची. ही विमानं कुणीतरी दुरुस्त करणार होतं. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगनं एअर इंडियासाठी बांधलेला दुरुस्तीचा तळ २०१५पासून उभा आहे, आणि कारंज्याहून समृद्धी महामार्गावर गाडी टाकली की जेवण पचायच्या आत नागपूर. अमरावतीला बेलोऱ्यात १६ एप्रिल २०२५ला मुंबईचं एटीआर विमान उतरलं. तिथंच वैमानिक घडवायची मोठी शाळाही येऊ घातली आहे. म्हणजे पोरगा परदेशाकडे निघाला आणि विमानं वऱ्हाडाकडे निघाली.

मी घरी हे बोलून दाखवलं. म्हटलं, नागपूरला प्रयत्न करा, शनिवारी घरी येईल.

माझ्या बहिणीनं माझ्याकडे अशी नजर टाकली की विमान असतं तर जमिनीवर ठेवावं लागलं असतं. पोराच्या लग्नाचा बायोडाटा तेव्हा फिरत होता. त्यात 'परदेशी प्रयत्न सुरू' अशी ओळ होती आणि तिच्यावर चार स्थळं टिकून होती. नागपूर म्हटल्यावर दोन गळाली असती. "नागपूरले तं आपला दूधवाला बी जाते," ती म्हणाली. त्यावर उत्तर नव्हतं.

शेवटी आखातात जमलं. एका देखभाल कंपनीत, पण इंजिनिअर म्हणून नाही, टेक्निशियन म्हणून. म्हणजे काम सगळं करायचं, पेच आवळायचे, तेल तपासायचं, चाकं बदलायची, आणि सही दुसऱ्यानं करायची. तिथलं लायसन्स निघेपर्यंत असंच. भारताच्या लायसन्सवाली कितीतरी पोरं तिकडे अशीच लागतात आणि वर्ष-दोन वर्षांत अक्षरं पटवून घेतात. पगार मात्र इथल्यापेक्षा बरा. बायोडाटातली ओळ बदलली, स्थळं चाराची सात झाली. सहीचं मुलीकडच्या कुणी विचारलं नाही. काकांचा मूळ प्रश्न मात्र प्रत्येकानं विचारला.

परवा भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. रात्रपाळी होती, मागे पांढऱ्या दिव्यांत एक विमान उभं. सगळे मोबाइलभोवती गोळा झाले, काकाही होते.

"हे इमान कोठी जाते?" काकांनी विचारलं.

"हे? हे पहाटे नागपूरले जाते."

"आपल्या नागपूरले?"

"हो. शारजाहून आठवड्यातून कितीकदा जाते."

काकांनी मोबाइल स्वतःकडे ओढला. "मंग यातच बसून येत जाय ना बावा. सकाई नागपूर, समृद्धीनं दुपारी घरी जेवाले, अन् रातच्याले परत."

"काका, तिकीट लागते. रजा लागते. वर्षातून एकदाच भेटते."

"तुले बी तिकीट लागते?"

"मले बी."

"इमानाचे नट तूच कसले ना?"

"मीच कसले."

काकांनी मोबाइल भाऊजींच्या हातात दिला आणि टोपी नीट करत म्हणाले, "याच्या परीस आपला एसटीतला मेकॅनिक बरा. घरच्याईले बी पास असते त्याच्या."